ताफ्यातील एक सायकल

लांब पल्ल्याच्या सामूहिक सायकलप्रवासात यंत्राचा बिघाड ही अपवादाची गोष्ट नसून आधीच हिशेबात धरावयाची बाब असते, आणि हा हिशेब एकट्या स्वाराच्या हिशेबाहून मुळातच वेगळा असतो. रोज थोडे अंतर जाणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पंक्चरशी गाठ पडत नाही, त्यामुळे तो पंपाविना खुशाल घराबाहेर पडतो. मात्र बारा सायकलींचा ताफा आलापल्लीहून सुमारे ६० किलोमीटरवरील हेमलकशाला निघाला, तर सगळ्या सायकली मिळून एका दिवसात ७२० किलोमीटर धावतात. दर हजार किलोमीटरला एक पंक्चर असे ढोबळमानाने गृहीत धरले, तर वाटेत कोणाची ना कोणाची हवा जाण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते आणि परतीचा प्रवास धरला तर ती चारांत तीन इतकी होते. शिवाय थांबते ती एक सायकल, पण खोळंबतात बाराही जण.

हा हिशेब ज्या एका उपक्रमाला मोठ्या प्रमाणावर लागू पडतो, त्याचे याच हेमलकसा-भामरागडच्या परिसराशी जवळचे नाते आहे. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू करणाऱ्या बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तीत शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते, तर मणक्याच्या दुखण्यामुळे बसणे अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे होऊन सोबत होते. पुढे १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली. पहिल्या यात्रेचे अंतर सुमारे ५,००० किलोमीटर होते. वर गृहीत धरलेल्या दराने शंभर सायकलींच्या वाट्याला एवढ्या अंतरात पाचशे पंक्चर येतात. ही कोणी केलेली नोंद नव्हे, नुसता गुणाकार आहे. पण अशा यात्रेत दुरुस्ती हे रोजचेच काम का होऊन बसते, हे समजण्यास तो पुरेसा आहे.

त्या काळात भारतीय रस्त्यावर सर्वत्र दिसणारी सायकल म्हणजे २८ इंची चाकांची, बिनगिअरची, दांडीच्या ब्रेकची काळी सायकल. ती जड होती, चढावर दमवणारी होती. पण तिचे टायर, ट्यूब, आरे, छर्रे आणि पायडल तालुक्याच्याच नव्हे, तर बाजारहाटाच्या गावीही मिळत आणि एका सायकलीचा भाग बहुधा दुसरीला बसे. सामूहिक प्रवासात यंत्राच्या उत्तमपणापेक्षा हा सारखेपणा अधिक मोलाचा ठरतो, आणि आजचे हौशी ताफे नेमके तेच विसरतात. बारा जणांच्या बारा तऱ्हेच्या महागड्या सायकली असतील, तर सुटे भागही बारा तऱ्हेचे लागतात. येथे ‘२८ इंची’ हे नावसुद्धा फसवे आहे. टायरची कड रिमवर जेथे बसते, तेथील व्यास जुन्या काळ्या सायकलीत ६३५ मिलिमीटर असतो, तर आजच्या बहुतेक रोड आणि हायब्रीड सायकलींत, त्यांनाही काही ठिकाणी २८ इंचीच म्हणत असले तरी, तो ६२२ मिलिमीटर असतो. तेरा मिलिमीटरचा हा फरक ओढूनताणून मिटत नाही. म्हणून टायरच्या कुशीवर उमटवलेला तीन आकडी अंक प्रत्येकाने निघण्यापूर्वी वाचून ठेवावा आणि जमल्यास सर्वांनी एकाच अंकाच्या सायकली घ्याव्यात. हवा भरण्याच्या नळीचेही तसेच आहे. वॉलट्यूबची, म्हणजे बारीक रबरी नळी चढवलेली जुनी व्हॉल्व्ह खेड्यातल्या पंपाला चालते. परदेशी धाटणीच्या सडपातळ व्हॉल्व्हला मात्र पितळी जोडतुकडा लावल्याशिवाय त्याच पंपाचा उपयोग होत नाही.

आलापल्लीच्या पुढे पेरमिली आणि ताडगाववरून रस्ता दाट जंगलातून हेमलकशाकडे जातो आणि पर्लकोटा ओलांडल्यावर भामरागड येते. तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, त्यामुळे ताफ्यांसाठी हिवाळाच सोयीचा. सायकल या भागाला नवी नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून शाळकरी मुली येथे रोज ये-जा करतात. साहजिकच स्थानिक दुकानात त्या सायकलींना लागणारा माल आणि तो बसवणारा हात सापडतो, पण गिअरच्या सायकलीचा नाजूक सुटा भाग तेथे सापडेल असे धरून चालणे म्हणजे दुकानदारावर अन्याय करणे होय.

पंक्चर काढणे सर्वांना येते असे मानले जाते, तरी एकच चाक तासाभरात दोनदा बसते ते घाईमुळे. ट्यूब बाहेर काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती याची खूण ठेवली, तर ट्यूबवरचे छिद्र टायरवरचा काटा दाखवून देते. नाही तर जुना काटा टायरमध्ये तसाच राहतो आणि नव्या ट्यूबची वाट पाहत बसतो. टायरच्या आतून बोट नव्हे, फडके फिरवावे, कारण बाभळीच्या काट्याचे टोक किंवा फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाएवढी पोलादी तार डोळ्यांना दिसत नाही, पण फडक्यात अडकते. छिद्राची जागाही बोलकी असते. शेजारी-शेजारी दोन छिद्रे असली, तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटली गेलेली असते. छिद्र रिमच्या बाजूला असले, तर आऱ्याचे डोके टोचत असते आणि तेव्हा काटा शोधण्यात अर्थ नसतो. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकू द्यावे, मगच पॅच दाबावा. ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच सावलीत टिकतो आणि उन्हात सुटतो. ताफ्यात तर रस्त्यावर पॅच लावूच नये. सोबतची ट्यूब घालून पुढे निघावे आणि फाटकी ट्यूब संध्याकाळी मुक्कामी घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत निवांत दुरुस्त करावी.

आरा तुटणे हे ओझ्याच्या प्रवासाचे खास दुखणे. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या उजव्या बाजूस दातेरी चकत्या असल्याने त्या बाजूचे आरे अधिक उभे आणि अधिक ताणलेले असतात. त्यातच सामान बहुतेक मागच्या कॅरिअरवर असते, म्हणून तुटतो तो बहुधा याच बाजूचा आरा, आणि तो बदलण्यासाठी आधी त्या चकत्याच काढाव्या लागतात. ते खास हत्यार जवळ नसेल, तर तुटलेला आरा शेजारच्या आऱ्याला गुंडाळून ठेवावा. आरा तुटल्याने रिम ज्या बाजूला ओढली गेली असेल, त्या बाजूचे लगतचे दोन आरे पान्याने पाव-अर्धा फेरा सैल करावेत, म्हणजे चाकातला आऊट बराच निघतो. तरीही रिम ब्रेकला घासत असेल, तर मागचा ब्रेक थोडा मोकळा करावा आणि पिशव्या इतरांत वाटून टाकाव्यात. हे शेवटचे काम फक्त ताफ्यालाच शक्य असते. एकटा स्वार आपले ओझे कोणावर टाकणार?

चेन तुटल्यास तुटकी कडी काढून उरलेली टोके चेनतोडणीने किंवा जोडकडीने सांधता येतात, मात्र चेन आखूड झाल्याने सर्वांत मोठी चकती वापरणे टाळावे लागते. गिअर बदलणारी यंत्रणा ज्या ॲल्युमिनियमच्या लहान पट्टीवर टांगलेली असते, ती पट्टी सायकल पडल्यावर वाकावी अशीच बनवलेली असते, कारण ती वाकल्याने फ्रेम वाचते. पण प्रत्येक बनावटीची पट्टी निराळी असल्याने ती ज्याची त्याने सोबत ठेवावी. तीही नसेल, तर यंत्रणा काढून, चेन आखूड करून एकाच गिअरवर मुक्काम गाठता येतो. भामरागडकडच्या फारसे चढ नसलेल्या रस्त्यावर हे शक्य आहे, सह्याद्रीच्या घाटात तसे करणे जिवावर येते.

ताफ्याची शिस्त या सगळ्याच्या आधी येते. दुरुस्ती जाणणारा स्वार सर्वांत मागे असावा, कारण बंद पडलेली सायकल नेहमी त्याच्या पुढेच असते. तो पुढे निघून गेला, तर त्याच्याजवळची हत्यारेही गेली. ज्या जंगलवाटेवर मोबाइलला रेंज असेलच असे नाही, तेथे पुढच्यांनी प्रत्येक गावाशी आणि फाट्याशी थांबून मागची संख्या मोजावी. बिघाडाभोवती अकरा जणांनी उभे राहून सल्ले देण्यापेक्षा दोघांनी थांबावे आणि बाकीच्यांनी पुढच्या सावलीपर्यंत जावे. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, तर वेळापत्रकात बिघाडांसाठी दोन तास मोकळे हवेत, पण तेवढेच बहुधा कोणी ठेवत नाही.

मुक्कामी पोचल्यावर आंघोळीआधी चाके पाहावीत. प्रत्येक सायकल उचलून चाक फिरवावे, जोडीजोडीने आरे चिमटीत दाबावेत, सैल आरा लगेच हाताला कळतो. मग कॅरिअरचे बोल्ट चाचपावेत, कारण दिवसभराच्या हादऱ्यांनी पहिल्यांदा ढिले होतात ते तेच, आणि सकाळी सामान बांधल्यावर तेथवर पाना पोहोचत नाही.