वेगळे केले, की वेगळे झाले?

आमसूल हा मालवणात जेवणाचा विषय, व्याख्यानाचा नव्हे. पण आज सुरुवात त्याच सालीपासून करू.

कोकमाची साल पाण्यात टाकली की लाल रंग उतरतो. सोलकढीत दिसतो तोच हा. पण सालीत गार्सिनॉल नावाचा एक पिवळा पदार्थही असतो. तो पाण्यात उतरत नाही, हेक्झेनसारख्या द्रावकात उतरतो. आणि तो एकटा येत नाही, आणखी बरेच काही सोबत घेऊन येतो. मग त्याला एकटा कसा गाठायचा?

त्यासाठी काचेची उभी नळी घेतात. तळाशी कापसाचा बोळा, वर सिलिका जेलची बारीक पूड, द्रावकात कालवून ओतलेली. त्यावर आपला अर्क, आणि वरून थेंब थेंब द्रावक. आता समजा, एस.टी. स्टँडवरून जेटीकडे दोन माणसे निघाली. एकाची बाजारात कुणाशीच ओळख नाही, तो सरळ पोचला. दुसरा प्रत्येक दुकानाशी थांबतो, "काय, बरा मां?" करतो. तो उशिराच पोचणार. सिलिकाशी ज्या रेणूचे जास्त जमते, तो मागे राहतो. त्याला हलवायला मग द्रावकात हळूहळू इथाइल ॲसिटेट वाढवावे लागते. खाली एकामागून एक परीक्षानळ्या भरत जातात.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. कॉलेजात असताना रसायनशास्त्रवाल्यांच्या प्रयोगशाळेत डोकावायचो. एकदा एक विद्यार्थी चहाला गेला आणि नळीतला द्रावक पुडीच्या खाली उतरला. पूड कोरडी पडली, तिला तडे गेले, सगळे पट्टे वेडेवाकडे झाले. दिवस फुकट! घाई आणि हयगय, दोन्ही इथे चालत नाहीत.

ही रीत रसायनशास्त्रज्ञाने नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञाने काढली. मिखाईल त्स्वेत या रशियन संशोधकाने 1903 मध्ये वॉर्सात तिच्यावर व्याख्यान दिले. 1906 मध्ये त्याने तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. पानांचा हिरवा अर्क त्याने खडूच्या पुडीतून सोडला, तर हिरवे आणि पिवळे असे अनेक पट्टे उमटले. पण बऱ्याच जाणकारांचा विश्वास बसेना. हे पट्टे पानात होते, की तुमच्या पुडीनेच अर्क बिघडवून तयार केले? त्स्वेत 1919 मध्ये गेला. त्याच्या पद्धतीला खरा मान मिळाला तो 1931 नंतर.

हा आक्षेप मला मूर्खपणाचा वाटत नाही. आपले प्रमाणच प्रमेयाला बदलत असेल तर? एक उत्तर सोपे आहे: वेगळा झालेला पट्टा पुन्हा तशाच नळीत सोडा. नळी मोडतोड करणारी असेल, तर दुसऱ्यांदाही करील. एकच पट्टा राहिला, तर नळीवरचा संशय कमी होतो.

आता परत कोकमाकडे. त्यात गार्सिनॉलचा जुळा भाऊ आयसोगार्सिनॉलही सापडतो. दोघांतले अणू तेच आणि तेवढेच, मांडणी मात्र वेगळी. गंमत अशी की गार्सिनॉलवर आम्लाची क्रिया केली तर त्याचे आयसोगार्सिनॉल होते. आणि सिलिका जेल स्वतः किंचित आम्लधर्मी! म्हणजे परीक्षानळीत आयसोगार्सिनॉल मिळाले, एवढ्यावरून ते सालीत होतेच असे म्हणता येत नाही. आधी शुद्ध गार्सिनॉल एकटेच त्या नळीतून सोडायचे. ते जसेच्या तसे बाहेर आले, तरच पुढे बोलायचे.

'विवेक' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच वेगळे करणे. दूध आणि पाणी वेगळे करणाऱ्या हंसाचे आपण कौतुक करतो. पण दुधात पाणी होतेच, की चोचीतून पडले, हे हंसाला कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत ते विचारावे लागते. माणसांना जातीत, गटात, प्रकारांत वेगळे काढतानाही विचारायला हवे: हा भेद मुळात होता, की आपल्या चाळणीने तो केला?

एवढे सांगून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.