वाढत्या अंगाचा सदरा

शाळा सुरू होण्याच्या सुमारास गावातील शिंप्यांच्या दुकानांत गणवेशांची एकच घाई उडते. मुलाला समोर उभे करून माप घेतले जात असता त्याची आई हमखास सांगते, "जरा वाढत्या अंगाचा शिवा हो!" शिंपी मान डोलावतो आणि विजारीच्या टोकाशी चांगली चार बोटे दुमड ठेवतो. बाहीलाही थोडी ठेवतो. गळपट्टी मात्र फारशी सैल करीत नाही. त्याने शरीरशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते, तरी मुलाचे अंग सगळीकडून सारखे वाढत नाही हे तो पुरते जाणून असतो. आम्ही भाषा शिकविणारे. शास्त्राचा तास आमच्याकडे नाही. परंतु शिंप्याच्या या दुमडीत काय दडले आहे याचे कुतूहल आम्हांला पुष्कळ दिवस होते. त्यासाठी जे वाचले, विचारले, पडताळून पाहिले, ते येथे सांगत आहोत.

चित्रकलेच्या तासाला तान्हे मूल काढावयास सांगितले, तर बहुतेक विद्यार्थी एक लहानसा मोठा माणूस काढतात! चित्र फसते ते यामुळेच. नुकत्याच जन्मलेल्या बालकाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते आणि तीत डोक्याचाच वाटा एक चतुर्थांश असतो. प्रौढ माणसाच्या उंचीत डोक्याचा वाटा जेमतेम एक अष्टमांश उरतो. उलट पाय जन्मतः एकूण लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतात, ते पुढे जवळजवळ निम्मे होतात. याचा अर्थ असा, की डोके आपली वाढ आधीच उरकून घेते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के आकाराचा झालेला असतो. बाळाची कुंची दोनतीन महिन्यांत लहान होते आणि शाळकरी मुलाची टोपी मात्र वर्षानुवर्षे चालते, त्याचे कारण हेच.

वाढीचा वेग हाही असाच लहरी आहे. पहिल्या वर्षी मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते आणि त्याचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा तिप्पट होते. हाच वेग कायम राहता, तर दहाव्या वर्षी त्याला आमच्या शाळेच्या दारातून आत येता आले नसते. पण दुसऱ्या वर्षी वाढ निम्म्यावर येते आणि पुढे कुमारवयापर्यंत वर्षाकाठी पाचसहा सेंटिमीटर अशी सावकाश चालते.

हे सर्व चिकाटीने मोजून पाहण्याची पहिली प्रसिद्ध खटपट एका फ्रेंच गृहस्थाने केली. त्याचे नाव फिलिबेर गेनो द माँबेयार. १७५९ साली त्याला मुलगा झाला. तेव्हापासून १७७७ पर्यंत, अठरा वर्षे, दर सहा महिन्यांच्या सुमारास तो मुलाची उंची मोजून टिपून ठेवीत असे. त्याचा मित्र, सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ, याने ती टिपणे आपल्या ग्रंथात छापली. मुलगा शेवटी सहा फुटांहून उंच झाला, हे त्यातील कमी महत्त्वाचे. महत्त्वाचे हे, की तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मंदावलेली वाढ एकदम उसळी मारते, ही गोष्ट त्या आकड्यांत स्वच्छ दिसते. आजही वाढीवरील पाठ्यपुस्तकांत या एका मुलाचा आलेख छापलेला आढळतो. घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा ओढणाऱ्या सर्व आईबापांचा हा गृहस्थ मूळपुरुषच म्हणावयाचा.

ही उसळी मुलींत साधारणपणे दोन वर्षे आधी येते. मुलींचा सर्वांत वेगाचा काळ बाराव्या वर्षाच्या आसपास, तर मुलांचा चौदाव्याच्या. सातवीच्या वर्गाचे छायाचित्र पाहावे. मागच्या रांगेत मुली उभ्या दिसतात. दहावीच्या छायाचित्रात चित्र पालटलेले असते. त्यातही क्रम ठरलेला आहे. प्रथम हाताचे पंजे आणि पावले, मग पाय, आणि काही महिन्यांनी धड. म्हणून आधी चपला आखूड होतात, मग विजार घोट्याच्या वर चढते, आणि सदरा सर्वांत शेवटी आवळू लागतो. या दिवसांत मुले पेल्याला धक्का देतात, उंबऱ्याला ठेचाळतात. घरची माणसे त्यांना धांदरट म्हणतात. हातपाय इतक्या झपाट्याने लांबतात, की त्यांची सवय होण्यास मुलाला थोडा वेळ लागायचाच. यानंतर मुलांचे खांदे रुंदावतात, मुलींचा कमरेखालचा भाग रुंदावतो, आणि एकाच साच्यातील वाटणारी दोन शरीरे निराळी घडतात.

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणे तो कायम पहिला. एकदा आम्ही थट्टेने म्हणालो, "अरे, पाचवीची रांग पलीकडे आहे!" वर्ग हसला, तोही हसला. पण त्यानंतर तो मैदानावर येईनासा झाला, आणि छायाचित्राच्या दिवशी गैरहजर राहिला. पुढे त्याची आई भेटावयास आली. बिचारीने वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून उंची वाढविण्याची भुकटी आणली होती आणि मुलगा रोज सकाळी अंगणातील आंब्याच्या फांदीला लोंबकळत होता. ती विचारीत होती, आणखी काय करावे? त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. आज देता आले असते.

उंची वाढते ती हाडांमुळे. मांडीच्या हाडासारख्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागते तशा लवचिक पदार्थाची, एक पातळ चकती असते. तेथे नवी कूर्चा तयार होत राहते आणि तिचे हाड बनत जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून निघणारे संप्रेरक या कामाला चालना देते, आणि ते मुख्यतः रात्रीच्या गाढ झोपेत स्रवते. कुमारवयात लैंगिक संप्रेरकांची भर पडते आणि उसळी येते. मौज अशी, की हीच संप्रेरके अखेरीस त्या चकतीचेही हाड करून टाकतात. चकती बुजली, की उंची थांबली. मुलींत हे बहुधा पंधरा ते सतरा आणि मुलांत सतरा ते एकोणीस या वर्षांच्या दरम्यान होते. फांदीला लोंबकळल्याने चकतीत कूर्चा वाढत नाही. भुकटीने तर नाहीच. पोटभर सकस अन्न, झोप, खेळ आणि आजाराचा वेळीच इलाज, एवढेच आपल्या हाती आहे. बाकीचे बव्हंशी आईबापांच्या उंचीवर अवलंबून.

परंतु त्या माउलीला धीर देणारी खरी गोष्ट निराळीच होती. जन्मतारखेचे वय आणि हाडांचे वय ही दोन वेगळी असतात. मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, की चकत्या किती उघड्या आहेत यावरून हाडांचे वय काढता येते. सोळा वर्षांखालील क्रिकेटपटूंच्या वयाची पडताळणी आपल्याकडे याच रीतीने करतात. चौदा वर्षांच्या एखाद्या मुलाची हाडे बारा वर्षांची असतात. त्याची उसळी उशिरा येते, आणि रांगेतील पुढची मुले थांबल्यावरही तो वाढत राहतो. अशी उशिरा वाढणारी मुले पुष्कळ असतात आणि बहुतेक सर्व पूर्ण निरोगी असतात. मात्र कुमारवयापूर्वीच्या काळात वर्षाला चार सेंटिमीटरही वाढ होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तो मुलगा दहावीनंतर चांगला वाढला. गेल्या वर्षी तो आम्हांला बाजारात भेटला, तेव्हा त्याच्याशी बोलताना आम्हांला मान वर करावी लागली. तो प्रसंग त्याने काढला नाही. आम्हीही काढला नाही, याची खंत आहे.

उंची थांबली म्हणजे शरीराचे बदलणे थांबले असे नव्हे. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात; दर दहा वर्षांत सुमारे तीन ते आठ टक्के. त्यांची जागा चरबी घेते. काट्यावरचे वजन तेच असले, तरी कमरपट्ट्याला नवे भोक पाडावे लागते ते यामुळे. 'वयामुळे शरीरातला अग्नी मंदावला' असे आम्ही तिशी-चाळिशीतील मंडळी एकमेकांना सांगतो. पण २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबाने, हा अग्नी मुळीच मंदावत नाही, असे त्यात दिसून आले. तेव्हा दोष जातो तो आमच्या खुर्चीकडे आणि ताटाकडे.

आपल्या लोकांनी तर अधिकच सावध असावे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी आपली मापे घेऊन २००४ साली प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या पाहणीतही हेच आढळले होते. इंग्लंडमधील बाळांपेक्षा त्यांचे वजन बरेच कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा येथे आहे.

मग म्हातारपण. इंग्लंडमधील एका डॉक्टराने तिशीपुढील २०६ लोकांचे कान मोजून १९९५ साली दाखविले, की कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर लांबतो. म्हणजे पन्नास वर्षांत एक सेंटिमीटरहून थोडा अधिक. आजोबांचे कान मोठे दिसतात हा आपला भास नव्हे. उंची मात्र घटते. मणक्यांच्या मधल्या गाद्यांत पाणी असते. दिवसभराच्या भाराने त्या दबतात, त्यामुळे तुम्ही आम्ही सारेच संध्याकाळी सकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर बुटके असतो आणि रात्री आडवे झाल्यावर ते भरून येते. वयाबरोबर हे भरून येणे कमी होते, मणके ठिसूळ होऊन दबतात, पाठ वाकते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना सुमारे एक सेंटिमीटर उंची जाते, सत्तरीनंतर अधिक.

आमच्या कोंकणी घरात साडीला कापड म्हणतात. आमची आजी हल्ली तक्रार करीत असे, की विणकरांनी कापडाचा पन्हा वाढविला आहे, निऱ्या जमिनीवर लोळतात. आम्ही तिला समजावीत होतो, की पन्हा तोच आहे. शेवटी चौकटीवरची तिची जुनी रेघ शोधून तिला भिंतीशी उभे केले, तर ती रेघेच्या सहा सेंटिमीटर खाली आली. एवढी घट डॉक्टरांना सांगण्याजोगी असते, सांगितली. हाडांची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी व्यायामही सांगितला, तेव्हा घरात सर्वांना हसू आले. आम्ही मात्र वाचले होते, की बॉस्टन येथे १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करविला, आणि त्यांच्या पायांतले बळ सरासरी पावणेतीनपट झाले. आता आजी रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते आणि बसते. मोजणी धाकटी नात करते. कापड ती कमरेशी दोन बोटे अधिक खोचून नेसते. पन्हा वाढलेला नाही, हे मात्र तिला अजून पटलेले नाही.