टेबलावर एकच प्रकरण

दिवसभर मान वर करावयास फुरसत मिळू नये आणि संध्याकाळी पाहावे तो एकही काम हातावेगळे झालेले नसावे, हा अनुभव कार्यालयात, शेतीत, घरात सर्वांनाच येतो. त्याचा दोष आपण मनाच्या चंचलतेला देतो. वस्तुतः पुष्कळदा तो दोष मनाचा नसून मांडणीचा असतो.

महाराष्ट्राच्या प्रशासनाला या प्रश्नाचा परिचय जुनाच आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील कामकाज व अभिलेखांची नवी घडी बसविली. 'लखिना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर परिचित झाली. तिच्यासोबत नाव घेतले जाते ते 'सहा गठ्ठे पद्धती'चे. कार्यवाही करावयाची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि मुदतीनंतर नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद, असे हे सहा गठ्ठे होत.

वरवर पाहता ही केवळ आवराआवर वाटेल. परंतु तिचे मर्म निराळे आहे. सहांपैकी एकाच गठ्ठ्याला या क्षणी आपले लक्ष हवे असते. उरलेल्या पाचांची जागा व वेळ ठरलेली असल्यामुळे ते मनात डोकावत नाहीत.

मानसशास्त्रही याला दुजोरा देते. एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतल्यास लक्षाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो, असे संशोधिका सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखविले. अपुरे काम केव्हा व कसे करावयाचे हे निश्चित केले, की त्याची टोचणी कमी होते, असे मासिकॅम्पो व बाउमायस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत आढळले.

प्रस्तुत लेखकाच्या हातून एकदा एका वृद्ध पत्रकाराचा उपचार-साहाय्याचा अर्ज मासिक विवरणपत्रांत मिसळला आणि नऊ दिवस तेथेच राहिला. ते नऊ दिवस आम्ही रिकामे बसलो नव्हतो. उलट फार गडबडीत होतो! दप्तर दिरंगाईस प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमानुसार कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. त्या सात दिवसांचा अर्थ आम्हांस त्या अर्जाने शिकविला. कागदामागे माणूस वाट पाहत असतो.

हीच रीत घरीही अवलंबिता येईल. सकाळी पाच मिनिटे काढून कामांची यादी करावी. आज करावयाचे, दुसऱ्यावर अवलंबून असलेले आणि सोडून देण्याजोगे, असे तीन भाग पाडले तरी पुरे. अवलंबून असलेल्या कामापुढे पुन्हा विचारणा करण्याची तारीख लिहावी. विद्यार्थ्याने समोर एकच पुस्तक ठेवावे. भ्रमणध्वनी शेजारच्या खोलीत ठेवावा आणि संदेश पाहण्याची वेळ ठरवावी. मध्येच उठावे लागल्यास पुढची पायरी एका ओळीत टिपून मगच उठावे. परतल्यावर धागा लगेच सापडतो.

एकाग्रता ही काही थोड्यांनाच लाभणारी देणगी नव्हे. समोरचे टेबल मोकळे करण्यापासून तिचा आरंभ होतो आणि ते तर प्रत्येकाच्या हाती आहे.