पात्रतेचा खर्च कोणाच्या खिशातून?

पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायचं. नाहीतर नोकरी सोडायची. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाचा सरळ अर्थ हा. ज्यांची पाच वर्षंही उरलेली नाहीत त्यांना नोकरीपुरती सूट आहे, बढती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे, त्यामुळे मला या निकालाची झळ नाही. पण ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं डबा खाल्ला त्या बाया वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतर आता पुन्हा परीक्षेचे फॉर्म भरताहेत.

"बरं झालं, मास्तरांनाही कळू दे परीक्षा काय असते," असं आमच्या गावात पारावर बोललं गेलं. मला त्याचा राग आला नाही. शिकवणाऱ्याला काय येतं हे तपासलंच पाहिजे. माझं दुखणं दुसरं आहे. गेल्या सत्तर वर्षांत शिक्षकाच्या पात्रतेची अट चढत गेली, आणि ती पुरी करण्याचा खर्च सरकारच्या खिशातून निघून हळूहळू शिक्षकाच्या खिशात आला.

माझे वडील, अण्णा, 1953 साली प्राथमिक शिक्षक झाले. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. फायनल पास झालेला माणूस तेव्हा शिक्षक होई, तलाठी होई. आधी नोकरी लागली आणि तीन वर्षांनी खात्यानेच त्यांना पी.टी.सी.च्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे ते पाठ काढायला शिकले, फळ्यावर नकाशा काढायला शिकले, सूतकताईही शिकले. ज्याने अट घातली त्यानेच ती पुरी करायची सोय केली, हा त्या काळचा व्यवहार होता. गावाच्या लेखी तर त्यांची पात्रता कागदावर नव्हतीच. आमच्या भागातली पोरं फौजेत. त्यांची पत्रं अण्णा वाचून दाखवत, उत्तरं लिहीत, मनीऑर्डरच्या फॉर्मवर अंगठा उठवून घेत. मूल शाळेत घालताना बाप म्हणे, "हाडं आमची, मांस तुमचं." या विश्वासात मारायची मुभा होती, आणि ती अण्णांनी वापरली, हेही लिहायला हवं. मुलाला मारायला आज शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. बदललेल्या मापांपैकी हे माप मला सर्वांत योग्य वाटतं.

माझ्या वेळी दहावीनंतर डी.एड. होतं. दोन वर्षं वसतिगृहात राहिले, खर्च घरच्यांनी केला. पण 1986 मध्ये बाहेर पडले आणि लगेच ऑर्डर हातात आली. पुढे बारावीची अट आली, आणि मग गावोगाव डी.एड.ची लाट उसळली. बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी इंजिनिअरिंग नको, डी.एड.ला नंबर लागू दे म्हणायची, आणि घरचेही. लग्नाच्या बोलणीत 'मुलगी डी.एड. आहे' हे वाक्य पहिल्या पाचात यायचं. खासगी विद्यालयं निघाली, त्यांची फी भरायला लोकांनी जनावरं विकली. भरतीच्या जागा किती आणि बाहेर पडणारे किती, याचा हिशेब परवानगी देणाऱ्यांकडे असायला हवा होता. पुढे यातली बरीच विद्यालयं विद्यार्थी मिळेनात म्हणून बंद पडली.

त्याच सुमारास, 2000 साली, शिक्षण सेवक योजना आली. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. प्राथमिकला महिना 3,000 रुपये. काम तेच, हजेरी तीच, निवडणूक आणि जनगणनाही तीच. माझी जी सहकारी आज टीईटीचा अभ्यास करते आहे ती 2003 ला अशीच लागली. खोलीभाडं आणि एस.टी.चा पास भागवून घरी पाठवायला तिच्याकडे काही उरत नसे.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पात्रतेचे नवे नियम काढले. टीईटी तिथून आली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुण, एकूण 150. खुल्या गटाला 60 टक्के, राखीव गटांना 55. शंभरात दहाजणही पास होत नाहीत असे निकाल वारंवार लागले. टीईटी झाली म्हणजे नोकरी लागली असंही नाही. 2017 पासून भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी द्यायची, 200 गुणांची, आणि मग पवित्र पोर्टलवर नाव यायची वाट बघायची.

ही वाट किती लांब असू शकते ते मी आमच्याच घरात पाहिलं. माझी पुतणी 2009 ला डी.एड. झाली. मे 2012 मध्ये राज्याने शिक्षक भरतीच बंद केली. तरीही तिने टीईटी दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. त्या प्रमाणपत्राची मुदत तेव्हा सात वर्षं होती. चाचणी व्हायला 2017 उजाडलं. त्या खेपेला थोडक्यात हुकली. पुढची चाचणी थेट 2023 मध्ये झाली. मधल्या काळात प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि 2021 मध्ये केंद्राने ते आजन्म ग्राह्य धरल्यावर पुन्हा जिवंत झालं. त्याच वर्षी टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला, पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी रात्री जागून परीक्षा काढली होती त्यांच्याकडेही लोक संशयाने बघू लागले. "काकी, मी पैसे दिले असतील असं दुकानातल्या बायका बोलतात," असं ती मला म्हणाली. तेव्हा ती कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत होती. 2024 मध्ये तिला पालघर जिल्ह्यात नेमणूक मिळाली, शिक्षण सेवक म्हणून, 16,000 रुपये मानधनावर. वय पस्तीस.

आता सहकारी मैत्रिणीकडे येते. तिच्या घरी संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ओट्यावरच पुस्तक उघडतं. धाकटा मुलगा बारावीला आहे, तो हॉलमध्ये, ही आत. मी गेले की मला पुस्तक धरायला लावते. "विचारा बाई." मी विचारते, पियाजेच्या बोधात्मक विकासाच्या अवस्था सांग. ती चार नावं म्हणते, दुसऱ्या आणि तिसऱ्यात गडबडते. मग मी पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, पहिलीतली पोरं खिचडीवरून का भांडतात? तिचं उत्तर तयार होतं. एकाच मापाने वाढली तरी खोल वाटीतल्यापेक्षा ताटात पसरलेली खिचडी त्यांना जास्त वाटते. तिसरी-चौथीत ते भांडण आपोआप मिटतं, म्हणून पहिलीला ती सगळ्यांना सारख्याच ताटल्या देते. तिला म्हटलं, हेच पियाजेने लिहून ठेवलंय, एकाच पाण्याचे दोन ग्लास घेऊन. त्यानंतर पूर्व-क्रियात्मक आणि मूर्त क्रियात्मक या दोन अवस्थांत ती पुन्हा चुकली नाही.

म्हणून मला सिद्धान्त फालतू वाटत नाहीत. तो ज्ञानाचा भाग तिला वीस वर्षांपूर्वी, वर्गातल्या अनुभवाला जोडून, कुणीतरी द्यायला हवा होता. प्रशिक्षणं झाली, ती भरपूर झाली. पण त्यांत बहुतेक वेळ माहिती भरायची कशी, कुठल्या ॲपवर फोटो टाकायचा, यात गेला. युडायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, मतदार याद्या. ही कामं नीट केलीस का, असं तिला दर आठवड्याला विचारलं गेलं. मूल कसं शिकतं हे मात्र तिला आता, पंचेचाळिसाव्या वर्षी, नोकरी पणाला लावून विचारलं जातंय.

पालकांचं मापही बदललंय. अण्णांकडून लोकांना चार अक्षरं आणि हिशेब हवा होता. आता पहिलीच्या मुलाची आई विचारते, सेमी इंग्रजी आहे का, इंग्रजी वाचन कधीपासून, स्कॉलरशिपला किती बसवता. विचारलंच पाहिजे. ती स्वतः दहावी-बारावी झालेली आहे, फी परवडत नसताना शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज दारावरून जाताना बघते. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला सक्षम शिक्षक लागतो, आणि म्हणूनच परीक्षेला माझा विरोध नाही.

फक्त मुदत ऑगस्ट 2027 च्या अखेरीस संपते आहे, आणि तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. तिने या शिक्षकांचे तयारीचे वर्ग घ्यावेत, शाळेच्या वेळेत, पगारी रजेसह. त्यांच्या वर्गावर तेवढे दिवस दुसरा शिक्षक द्यावा. चाचणी आणि भरती यांचं वेळापत्रक सरकारने स्वतःवरही बंधनकारक करावं, म्हणजे पुतणीसारखी पंधरा वर्षं कुणाची जाणार नाहीत. शिक्षण सेवकाची तीन वर्षं तर काढूनच टाकावीत. दोन परीक्षा देऊन आलेल्या माणसाला पुन्हा अर्धवट शिक्षक ठरवण्याला काय आधार आहे, ते मला कुणीही समजावून सांगू शकलेलं नाही.

आणि परीक्षेच्या गुणांशेजारी वर्गाचं एक निरीक्षणही जोडावं. अधिकाऱ्यांनी शाळा भरताना यावं, सुटेपर्यंत मागच्या सतरंजीवर बसावं, आणि बाईंना विचारावं की या वर्गात अजून अडखळत कोण वाचतं, कशामुळे, आणि त्याच्यासाठी तुम्ही काय करता आहात. माझ्या मैत्रिणीला या प्रश्नासाठी रात्री जागायची गरज पडणार नाही.