तळ्याकाठचा तंबू आणि गर्दीचे गणित

शनिवारी दुपारी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरून लोणावळ्याकडे वळणाऱ्या मोटारींच्या रांगेत गेल्या काही वर्षांत एका नव्या पर्यटकाची भर पडली आहे. त्याला खंडाळ्याचे पॉइंट पाहायचे नसतात, की कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायचे नसते. पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढावी, एवढीच त्याची इच्छा असते. मोबाइलच्या पडद्यावर त्याने एक चित्र पाहिलेले असते : निळेशार पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना हे किल्ले, काठावर एकच तंबू आणि त्याच्यापुढे मंद पेटलेली शेकोटी. प्रत्यक्षात तेथे पोहोचल्यावर दिसतात ते एकमेकांना खेटून उभे असलेले तंबूच तंबू, स्वच्छतागृहापुढची रांग, कर्णकर्कश संगीत आणि 'जेवण नऊला, उशीर झाला तर मिळणार नाही' असे तुटकपणे बजावणारा व्यवस्थापक. निसर्गाच्या कुशीत शिरण्यासाठी निघालेला माणूस अशा वेळी एखाद्या मंगल कार्यालयाच्या मांडवात येऊन पडतो.

सगळेच तळ असे असतात असे नव्हे. नेटकेपणाने चालवले जाणारे तळ पवनाकाठीही आहेत. तथापि वाट्याला आलेल्या निराशेचे खापर नशिबावर किंवा एखाद्या उर्मट कर्मचाऱ्यावर फोडून अनेक पर्यटक मोकळे होतात, ते मात्र पुरेसे नाही. या निराशेची कारणे व्यवसायाच्या रचनेत दडलेली आहेत, आणि ती समजून घेतली तर पुढची फसगत बऱ्याच अंशी टाळता येते.

पस्तीस शनिवारांचा धंदा

मावळ तालुक्यातील पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांनी वेढलेला हा जलाशय मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरांपासून काही तासांच्या अंतरावर आहे. पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी जसजशी खाली जाते, तसतशी काठाची उताराची जमीन उघडी पडते. ठाकुरसाई, आंबेगाव, फांगणे अशा गावांच्या परिसरात तंबूंचे तळ उभे राहिले, ते या भौगोलिक सोयीमुळे. धरणात जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. अशा भागात घराजवळ रोजगार देणारा व्यवसाय स्थानिक तरुणांना आधाराचा वाटला, तर त्यात नवल नाही.

अडचण आहे ती दिवसांची. वर्षाला शनिवार ५२. त्यांतून पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर उरतात सुमारे ३५. सोमवार ते गुरुवार तळ बहुधा ओसच असतो. म्हणजे जागेचे भाडे, तंबूंची खरेदी, आचाऱ्याचा पगार आणि वीज हा वर्षभराचा खर्च या मोजक्या रात्रींतून भरून काढायचा असतो. काठाची जागा वाढत नाही आणि शेजारचा तळ दर पाडून बसलेला असतो, त्यामुळे माणशी दर फारसा वाढवता येत नाही. मग हाती उरतो एकच उपाय : त्याच जागेत आणखी माणसे घेणे. पन्नास जणांच्या जागेत शंभर जण मावतात ते असे.

छायाचित्र एकाचे, तंबू दुसऱ्याचा

दुसरे कारण म्हणजे दलालांची साखळी. जमीन एकाची, तंबू लावणारा दुसरा आणि समाजमाध्यमांवर जाहिरात करून आगाऊ रक्कम घेणारा तिसरा. एकच आकर्षक छायाचित्र वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. तळाचे नेमके ठिकाण अनेकदा पैसे भरल्यानंतरच कळवले जाते. 'पाण्यालगत' आणि 'पाणी दिसेल असे' या दोन शब्दप्रयोगांत अर्ध्या किलोमीटरचे अंतर असू शकते, हे तेथे गेल्यावर उमगते. नोंदणी क्षमतेपेक्षा जास्त झाली, की उरलेल्या पाहुण्यांना शेजारच्या तळावर धाडले जाते. तेथील चालकाने त्यांना कोणतेही आश्वासन दिलेले नसते. आश्वासन देणारा दलाल शहरात असतो आणि त्याचा मोबाइल बंद लागतो.

या व्यवहारात पाहुण्याला एक वेगळेच नाव आहे. आदरातिथ्याच्या धंद्यात माणसांची गणना 'पॅक्स' या शब्दाने होते. 'आज किती पॅक्स?' असा प्रश्न विचारला जातो. दलालाची कमिशन वजा जाऊन माणशी हाती पडणाऱ्या रकमेत नाश्ता, जेवण, चहा आणि शेकोटीची लाकडे भागवायची, तर कपात होते ती मनुष्यबळात. चार पोरे दीडशे माणसांना वाढतात, भांडी धुतात, मध्यरात्री दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना आवरतात आणि पहाटे पुन्हा पोह्यांची कढई चढवतात. त्यांच्या बोलण्यातला तुसडेपणा समर्थनीय नाही. पण तो कोठून येतो हे यावरून ध्यानात यावे. यजमानाचे अगत्य टिकते ते पाहुणे मोजके असतात तोवर.

कापडाच्या भिंती, चार चौरस मीटर

गर्दीचा त्रास हॉटेलपेक्षा तंबूत अधिक का होतो? कारण तंबूला भिंती नसतात. घुमटाकार छोट्या तंबूवर 'तीन माणसांसाठी' असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ तिघे खांद्याला खांदा लावून झोपू शकतात एवढाच असतो. माणशी सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीची जागा त्यात गृहीत धरलेली असते. दोन मीटर लांब-रुंद तंबूत म्हणजे चार चौरस मीटरमध्ये तिघांचे सामान ठेवले, की कूस बदलणेही कठीण होते. स्वस्त तंबू एकपदरी असतात. आतल्या माणसांच्या श्वासातील बाष्प थंड कापडावर साचते आणि पहाटे त्याचे थेंब अंगावर पडतात. 'तंबू गळतो' ही तक्रार अनेकदा या दवाची असते.

आवाज अडवण्याची ताकद नायलॉनच्या कापडात जवळपास नसतेच. दोन तंबूंत हातभर अंतर असेल, तर शेजाऱ्याचे घोरणेही आपल्याच तंबूतले वाटते. ब्रिटनमध्ये कारवान आणि तंबूंच्या तळांवर दोन मुक्कामांत किमान ६ मीटर अंतर ठेवण्याचा दंडक रूढ आहे. त्यामागचा मुख्य हेतू आगीपासून संरक्षणाचा. वाऱ्याच्या झोताबरोबर शेकोटीची ठिणगी उडाली, तर दाटीने लावलेले तंबू एकामागून एक पेटायला वेळ लागत नाही. म्हणजे अंतराचा प्रश्न केवळ एकांताचा नाही, तो जिवाचाही आहे. थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूचे निखारे किंवा शेगडी बंद तंबूत नेणे तर त्याहून घातक. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याचीही संधी देत नाही.

सकाळची रांग आणि शहराचे पाणी

तळाची खरी परीक्षा होते ती सकाळी. साधे गणित मांडून पाहावे. तळावर १२० माणसे आहेत आणि शौचालये चार. प्रत्येकाला सरासरी पाच मिनिटे धरली, तर एकूण ६०० मिनिटे लागतील. चार शौचालयांत ती विभागली, तरी प्रत्येकापुढे अडीच तासांची रांग उरते. सकाळी सातला सुरू झालेली रांग साडेनऊला संपते आणि दहा-अकराला तळ सोडायचा असतो. लहान मुले, वृद्ध आणि स्त्रिया यांची यात किती कुचंबणा होते हे वेगळे सांगायला नको. पाहुण्यांची संख्या आणि शौचालयांची संख्या हे दोन आकडे कळले, तरी त्या तळाविषयी निम्मी माहिती मिळते.

ज्यांना थांबवत नाही ते आडोसा शोधतात, आणि येथे प्रश्न तळापुरता राहत नाही. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून ते उचलून पिंपरी-चिंचवड शहराला पुरवले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांहून अधिक होती. ती त्यानंतर वाढलीच आहे. धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांना प्राण गमवावे लागले. ज्या पाण्यासाठी एवढा संघर्ष झाला, त्याच्याच काठावर शनिवारच्या रात्री मैलापाणी, प्लास्टिकच्या थाळ्या आणि फुटक्या बाटल्या जमा होतात. शोषखड्डा पाण्याच्या अगदी जवळ खणला असेल, तर त्यातला झिरपा कोठे जाणार हे उघड आहे.

नियम आहेत, मोजणी नाही

कायद्यांचा दुष्काळ नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. दोन्हींत पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीला महत्त्वाचे स्थान आहे. उणीव आहे ती जागच्या जागी माणसे मोजण्याची. एखाद्या जागेला किती माणसांचा भार पेलवेल, याला धारणक्षमता म्हणतात. ती ठरवून अमलात आणणे अशक्य नाही, हे साताऱ्याजवळच्या कास पठाराने दाखवून दिले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समावेश झाल्यानंतर तेथे पर्यटकांची रीघ लागली आणि फुले पायदळी तुडवली जाऊ लागली. पुढे वनविभाग आणि स्थानिक गावांच्या समित्यांनी फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणीची पद्धत आणली. तक्रारी तेथेही आहेत. पण निदान आकडा ठरलेला आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत गावकऱ्यांनी पाहुण्यांची व्यवस्था आपल्या हाती ठेवली. तेथे पाहुणा गावातल्या घरात जेवतो आणि त्याचा पैसा गावातच राहतो. पाहुणे आणि गाव यांचे प्रमाण राखले गेले, की अगत्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही.

पैसे भरण्यापूर्वी आणि नंतर

पर्यटकाच्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत : तळावर एकूण किती तंबू आहेत, त्या रात्री किती माणसे येणार, स्त्रियांसाठी वेगळी शौचालये किती, दोन तंबूंत अंतर किती, संगीत किती वाजता बंद होते, पाणी तळापासून किती दूर आहे, नोंदणी प्रमाणपत्र आहे काय, आणि बेत रद्द झाल्यास रक्कम परत मिळण्याच्या अटी कोणत्या. तळाचे नेमके ठिकाण आधी सांगण्यास नकार मिळाला, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. अभिप्राय वाचताना केवळ तारे मोजू नयेत. शनिवारी राहिलेल्यांचे, अलीकडचे आणि मधल्या दर्जाचे अभिप्राय अधिक प्रामाणिक असतात. शक्य असेल, तर मधल्या वारी जावे. तोच तळ बुधवारी ओळखू येणार नाही इतका शांत असतो.

फसवणूक झालीच तर जाहिरातीची छायाचित्रे, संदेश, पैसे भरल्याची पावती आणि प्रत्यक्ष जागेची छायाचित्रे जपून ठेवावीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी मावळात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. नोंदणी एखाद्या संकेतस्थळामार्फत केली असेल, तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिनाभरात तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे. मध्यरात्रीच्या ध्वनिक्षेपकासाठी ११२ हा क्रमांक आहेच.

माणशी हजार-दीड हजार रुपयांसाठी एवढी यातायात कोण करणार, असा विचार करून बहुतेक जण गप्प बसतात, आणि गर्दीच्या धंद्याला हेच मौन सोयीचे ठरते. पुढच्या शनिवारी नवी माणसे येतात आणि तेच छायाचित्र पुन्हा विकले जाते. तळचालकाला पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवणे परवडायचे असेल, तर थोडा अधिक दर मोजून कमी गर्दीचा तळ निवडणारा आणि फसवले गेल्यास तक्रार नोंदवणारा ग्राहक लागतो. त्याच वेळी काठावरची माणसे, शौचालये आणि शोषखड्डे मोजणारी यंत्रणा ग्रामपंचायत, पाटबंधारे आणि पर्यटन विभाग यांना मिळून उभी करावी लागेल. तसे झाले, तर मावळातल्या तरुणाचा रोजगार टिकेल आणि खाली शहरात नळाला येणारे पाणीही सुरक्षित राहील.