छप्पर नसलेलं संग्रहालय

कोल्हापूरच्या बिंदू चौकात जुन्या तटाची भिंत आहे, तिला लागून तुरुंग आणि समोर महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. चौकाला ना दार, ना तिकीट. भाजीची पिशवी घेतलेला माणूसही पुतळ्यांसमोरूनच घरी जातो.

फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्याच अमेरिकेत, वॉशिंग्टनला, २०१६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. वास्तुरचनाकार डेव्हिड अजाये आणि सहकाऱ्यांनी इतिहासाची दालनं जमिनीखाली ठेवली. माणूस आधी पार तळाशी उतरतो, गुलामांच्या व्यापारापासून सुरुवात करतो आणि उतारांवरून चढत उजेडाकडे येतो. वाचलेलं विसरलं तरी पोटऱ्यांना चढ आठवतो.

कोल्हापुरात असा नकाशा काढायचा तर पहिलं दालन पाण्याच्या हौदाचं हवं. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना हॉटेल काढायला पाठबळ दिलं. मग गाडी हॉटेलासमोर थांबवून महाराज स्वतः चहा मागवू लागले. राजानं घोट घेतल्यावर बरोबरची मंडळी कप कसा परत करणार? १९१८ मध्ये महार वतनं खालसा झाली, १९२० मध्ये वेठबिगार बंद झाली. हुकूम कागदावर होते. चहा चारचौघांत रस्त्यावर झाला.

म्हणून इथं चढउतार नको. हौद, रस्ता आणि चहाचं बाकडं, सगळं एकाच पातळीवर हवं. मध्ये उंबरठासुद्धा नको, कारण अडवणूक उंबरठ्यावरच व्हायची.

शेवटचं दालन तयारच आहे: नर्सरी बाग. तिथं १९२५ साली शाहू महाराजांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. जानेवारी २०२० मध्ये त्याच बागेत महाराजांच्या समाधिस्थळाचं लोकार्पण झालं. पण १९२५ चं ते पहिलं स्मारक ना दरबारानं बांधलं, ना सरकारनं. ते उभारलं गंगाराम कांबळे यांनी, हौदापाशी मार खाल्लेल्या माणसानं.