धाराशिवच्या माळावर इओमीची गिटार

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल वाद्यवृंदाचा गायक ऑझी ऑस्बॉर्न 22 जुलै 2025 ला गेला. वय 76. त्याआधी सतराच दिवस, म्हणजे 5 जुलैला, तो बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचा गायला. कंपवातामुळे उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. सोबत टोनी इओमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड. ब्लॅक सॅबथची ही मूळ चौकडी 2005 नंतर पहिल्यांदाच एका मंचावर आली होती आणि चौघांनीही पंचाहत्तरी गाठलेली होती. कार्यक्रमाची कमाई कंपवातावरचं संशोधन आणि आजारी मुलांची रुग्णालयं यांच्यासाठी दिली गेली.

हे सगळं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. हेवी मेटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केस वाढवलेला, काळा टी-शर्ट घातलेला विशीतला पोरगा येतो. माझं वय सत्तेचाळीस, नोकरी जलसंपदा खात्यात, मुलगी दहावीला, मुलगा सहावीला, घर धाराशिवात सांजा रोडच्या पुढे नव्याने झालेल्या वसाहतीत. पाहुणे आले की कुणीतरी विचारतंच, "अजून ऐकता का तुम्ही ते?" हो, ऐकतो. आणि विशीत ऐकत होतो त्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो. हे संगीत वयाबरोबर गळून पडणाऱ्या हौसेचं नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी ते घडवलं ते कारखान्यात खपलेले लोक होते. त्या आवाजात जे वजन आहे, ते कष्टाचं आणि दुखापतीचं आहे. पोटापाण्याच्या रगाड्यात वीस-बावीस वर्षं काढल्यावर ते वजन जास्त कळतं.

त्यातही सॅबथचा गिटारवादक टोनी इओमी याची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. ती थोडक्यात सांगणं मला जमणार नाही.

इओमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. एका वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं आणि कारखान्यातला तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला, तेव्हा आता परत जायलाच नको असं त्याच्या मनात होतं. आई म्हणाली, पत्करलेलं काम नीट संपवून ये. तो गेला. प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आलेला नव्हता, म्हणून यंत्रावर यालाच उभं केलं. यंत्र हातावर आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. इओमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात उजवाच.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या वरिष्ठाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली. 1928 मध्ये आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातला थोर गिटारवादक झाला होता. मग इओमीने भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळी केली, तापलेल्या टोकाने त्यात बोट जाईल एवढी जागा केली आणि घासून घासून बोटांच्या टोप्या तयार केल्या. तारेवर पकड यावी म्हणून वर जुन्या जाकिटाच्या चामड्याचा तुकडा चिकटवला. गिटारच्या जाड तारा दाबल्या की बोटं दुखायची. पातळ तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, म्हणून बॅंजोच्या तारा लावल्या. पुढे त्याने ताराच सैल करायला सुरुवात केली. सैल तारेला दाब कमी लागतो, आणि सैल केली की स्वर आपोआप खाली उतरतो.

सॅबथच्या 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बमच्या बऱ्याच भागात गिटार नेहमीपेक्षा तीन पट्ट्या खाली लावलेली आहे. याचा पुरावा मला घरातच मिळाला. मुलगी पेटी शिकते. एका रविवारी ती रियाज आटोपून पेटी बंद करत होती आणि मी बाहेरच्या खोलीत 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' लावलं होतं. तिने भाता परत ओढला, दोन-तीन पट्ट्या चाचपल्या आणि आतूनच ओरडली, "पप्पा, हे काळी एकमध्ये आहे!" अगदी बरोबर. गिटारची सगळ्यात जाड तार एरवी पांढरी तीनला लावलेली असते, इओमीने ती काळी एकला आणली होती. आज जगभरचे शेकडो मेटल वाद्यवृंद खालच्या पट्टीत वाजवतात. त्याची एक वाट त्या दोन तुटक्या बोटांपासून निघते.

पेटीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं सांगतो. मेटलमध्ये गिटारवर जो ठोस, भरीव स्वरपुंज वाजतो, त्यात फक्त दोन स्वर असतात: सा आणि प. आपला तानपुरा ज्या जोडीवर उभा आहे तीच ही जोडी. गंधार मुद्दाम गाळलेला असतो. कारण गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या कुवतीपलीकडे ढकललेला असतो. लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले असंख्य उपस्वर जन्माला येतात. तिथे तिसरा स्वर घातला तर नुसता गोंधळ होतो. सा-प मात्र त्या तडाख्यातही स्वच्छ राहतात, वर आणखी खोल वाटतात. तानपुऱ्याची जवारी काढताना तार आणि घोडीच्या मध्ये दोरा सरकवतात, तेव्हा तार घोडीला निसटती घासते आणि तिच्यातून उपस्वर फुलतात. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात कुणी न वाजवलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. चांगल्या मेटल गिटारमध्येही तो सापडतो. मला स्वतःला सापडला तेव्हा मी गाणं थांबवून परत लावलं. ज्यांना हा सगळा गोंगाट वाटतो, त्यांनी एकदा कान या जागेवर ठेवून बघावा.

सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं तर तीनच स्वरांवर उभं आहे: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. गीझर बटलर होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं 'मार्स' वाजवत बसायचा, त्यातून इओमीला ते सुचलं. सा आणि तीव्र मध्यम यांतल्या अंतराला युरोपात सैतानाचं अंतर म्हणत. आमच्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात संध्याकाळी शांतपणे बसलेला असतो. स्वर तोच, शेजार बदलला की भाव बदलतो.

मूळ इतिहास एका दमात सांगायचा तर असा. 13 फेब्रुवारी 1970 ला सॅबथचा पहिला अल्बम आला, तो मुख्यतः एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला. गाणारा ऑझी कत्तलखान्यात आणि मोटारींचे हॉर्न जुळवायच्या कामावर राबलेला होता. बर्मिंगहॅमच्या त्याच औद्योगिक पट्ट्यातून जुडास प्रीस्ट आले, लंडनमधून आयर्न मेडन, ऐंशीच्या दशकात अमेरिकेतून मेटॅलिका आणि स्लेयर, आणि पुढे या झाडाला इतक्या फांद्या फुटल्या की त्या मोजण्यात मला रस नाही.

त्यापेक्षा आपल्याकडे काय आहे ते सांगतो. तुळजापूर आमच्यापासून अर्ध्या तासावर. लग्नानंतर घरी गोंधळ घातला, तेव्हा मी संबळ वाजवणाऱ्या काकांच्या अगदी जवळ बसलो होतो. कमरेला बांधलेली दोन भांडी, एक लहान, एक मोठं. एका काठीचं टोक वाकवलेलं. ते वाकडं टोक मोठ्या भांड्यावर पडलं की घुमारा फरशीतून मांडीत उतरायचा, आणि दुसऱ्या काठीने लहान भांड्यावर कडकड चालूच. मेटलच्या ढोलवादकाची कामाची वाटणी हीच: पायाखाली खालचा घुमारा, हातात वरची कडकड, दोन्ही एकमेकांना न चुकवता, लय चढत जाणारी. हलगीवाल्याने चामडं शेकून ताणलं की तिचा आवाज पत्र्यासारखा होतो, अंगावर काटा येतो. लहानपणापासून जत्रेत हलगी ऐकलेल्या माणसाला मेटल परकं वाटायचं काही कारण नाही. मला तर ते पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीचं वाटलं. इंजिनिअरिंगला पुण्यात असताना वसतिगृहात एका मित्राकडून कॅसेट भरून घेतली होती, तेव्हाची गोष्ट.

महाराष्ट्रात या संगीताचं घर मुंबई. 1986 मध्ये तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावचं खुलं रंगभवन म्हणजे रॉकवाल्यांचं पंढरपूरच. आसपास रुग्णालयं असल्यामुळे तो शांतता परिसर ठरला आणि 2003 च्या सुमारास तिथलं संगीत थांबलं. रुग्णाला झोप मिळावी हे मला मान्य आहे, पण त्या तोडीची दुसरी जागा शहराने उभी केली नाही, ही खंत आहे. त्याच मुंबईत 2000 मध्ये साहिल मखिजाने डेमॉनिक रेझरेक्शन हा वाद्यवृंद काढला. त्यांचा 2017 चा अल्बम आहे 'दशावतार': मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं. हाच साहिल पुढे स्वयंपाकाच्या चित्रफितींसाठीही नावारूपाला आला. झिग्नेमा या वाद्यवृंदाचा जिमी भोरे, तसेच भयानक मौत आणि स्क्राइब हे वाद्यवृंद, ही मंडळीही मुंबईचीच. यांच्याबद्दल मराठी नियतकालिकांत फारसं लिहून येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

1 फेब्रुवारी 2008 ला आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात केला. गायक ब्रूस डिकिन्सन परवानाधारक वैमानिक. दौऱ्याचं बोइंग 757 विमान तो स्वतः चालवायचा. त्यात वादक, कामगार आणि टनावारी सामान. मी रातराणीने गेलो होतो. मैदानात माझ्या शेजारी पन्नाशीतले एक गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते आणि दोघांनाही शब्द न् शब्द पाठ होता. त्या डिकिन्सनला पुढे जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला. उपचार घेऊन तो बरा झाला आणि पुन्हा गायला लागला.

आता थोडं आडवाटेला जातो, कारण परंड्याचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. सीना-कोळेगाव धरणाच्या बाजूला कामाला गेलो की वाटेत गाडीत मेडन असतं आणि वेळ मिळाला तर परंड्याच्या किल्ल्यात चक्कर असते. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ एकेकाळी याच किल्ल्यावर होती. 1549 मध्ये निजामशाहीत, अहमदनगरला ती ओतली गेली आणि 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन, तांब्या-कथलाच्या मिश्रणाची, ठोकली तर घंटेसारखी घुमणारी. तोंड सिंहाचं, जबडा उघडा आणि जबड्यात हत्ती. मुलाला विजापूरला नेऊन ती दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, हे तुमच्या टी-शर्टवरच्यासारखं आहे." खरंच होतं. पोलाद, युद्ध, अक्राळविक्राळ प्राणी ही चित्रं आमच्या मुलखाला नवी नाहीत. ती इथल्या बुरुजांवर आणि देवळांच्या भिंतींवर आहेत.

मुलांसमोर हे संगीत ऐकावं का, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी मनापासून विचारला होता. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचे आईवडील औषधोपचार न मानणाऱ्या पंथाचे. तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले, सोळाव्या वर्षी आई कर्करोगाने गेली. त्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर, 2023 मध्ये, '72 सीझन्स' नावाचा अल्बम काढला. बहात्तर ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. त्या वर्षांत आईबापांनी आपल्याला जे सांगितलं, तेच आपण जन्मभर वागवतो का, हा त्याचा विषय. दहावीतल्या मुलीच्या बापाने ऐकावं असं याहून दुसरं काय असणार? विशीत असताना या संगीतातला राग मला आपला वाटायचा. आता त्या रागाच्या मागचं घर दिसतं, आणि मुलगी दार आपटून आत गेली की मी आधी गप्प बसतो, मग बोलतो.

आवाजाबद्दलही मी कडक आहे. 85 डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. आमच्या वसाहतीत रात्री दहानंतर माझं संगीत हेडफोनवर असतं, मुलांच्या हेडफोनला मी आवाजाची मर्यादा घालून दिली आहे आणि मैफलीला जाताना कानात बोळे असतात. मेटलला गोंगाट म्हणणाऱ्या गावात मिरवणुकीच्या डीजेची भिंत घराच्या काचा थरथरवत जाते, तान्ही लेकरं दचकून उठतात, तेव्हा मला मनस्वी राग येतो. त्यात ना स्वर असतो ना कारागिरी. तो पैसा हलगी-संबळवाल्यांना द्यावा, मिरवणूक दुप्पट रंगेल.

मुलाला सध्या मेटल गायकांच्या गुरगुरण्याचं कुतूहल आहे. घसा फाडून ते होत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात, त्या पोटातल्या श्वासाच्या जोरावर थरथरवतात. हे शिकायला वर्षं लागतात आणि गुरूशिवाय केलं तर घसा बसतो. म्हणून त्याला मी सांगितलंय, आधी बहिणीबरोबर सा लावायला शिक.

कुणाला ऐकून बघायचं असेल तर माझा क्रम असा. आधी 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'. मग मेडनचा 1984 चा 'पॉवरस्लेव्ह'. त्यात कोलरिजच्या खलाशाच्या कवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं आहे, एखाद्या आख्यानासारखं उलगडत जाणारं. त्यानंतर 'दशावतार'. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर मात्र ऐकू नये. खालचे स्वर त्यातून निघतच नाहीत, आणि इओमीने ज्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तेच कानावर येत नाही.